रस्ता कडेपासून आखा: शहरांच्या पथ विभागांतील अभियंत्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांच्या पथ विभागांत, बांधकाम विभागांत काम करणाऱ्या कनिष्ठ, उप आणि कार्यकारी अभियंत्यांसाठी हे पत्र आहे. आयुक्तांना आणि नगरसेवकांना लिहिणारे पुष्कळ आहेत. पण रस्त्याच्या आडव्या छेदावरची रेघ तुम्ही मारता आणि ठेकेदाराच्या बिलावरची सहीही तुमचीच असते, म्हणून तुम्हाला लिहिते. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेला शिकवते. तुमच्यातले काही जण कदाचित माझ्या वर्गात बसलेले असतील. त्या हक्काने थोडं स्पष्ट बोलेन, राग मानू नका.

सध्या पावसाळा आहे. खोदाई बंद, हॉट मिक्स प्लँट थंड, आणि तुमच्या टेबलावर ऑक्टोबरनंतरच्या कामांची अंदाजपत्रकं. रस्ता खरा ठरतो तो याच दिवसांत. एकदा निविदा निघाली, कार्यादेश गेला, की मग फुटपाथ अरुंद झाला म्हणून कितीही आरडाओरडा करा, उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, मंजूर नकाशाप्रमाणेच काम चालू आहे." उत्तर खरंही असतं. म्हणून भांडायचं तर नकाशाशी.

तो नकाशा सुरू कुठून होतो ते आठवा. आधी मध्यरेषा. मग दुभाजक. मग दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटरच्या लेन. मग जागा दिसलीच तर पार्किंग. आणि या सगळ्यातून जे उरेल त्याला तिरप्या रेघा (हॅच) मारून लिहायचं ‘फुटपाथ’. शहराच्या विकास आराखड्यातला १८ मीटरचा रस्ता घ्या. जाऊन-येऊन चार लेन म्हणजे १४ मीटर, दुभाजकाला ६० सेंटिमीटर, उरले ३.४ मीटर, म्हणजे एका बाजूला १.७. कागदावर हे वाईट दिसत नाही. पण याच १.७ मीटरमध्ये विजेचा खांब, महावितरणचा फीडर पिलर (वीजवाटपाची पेटी), पावसाळी गटाराचं चेंबर, झाड, बसथांब्याचा खांब आणि दिशादर्शक फलकाचे दोन पाय उभे राहायचे असतात. माणसाला राहतात साठ-सत्तर सेंटिमीटर, तेही तुकड्या-तुकड्याने. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका, आयआरसी १०३, २०१२ सालापासून सांगते आहे की चालायचा पट्टा किमान १.८ मीटर मोकळा हवा, बाजारपेठेत त्याहून जास्त, आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं येता कामा नये. मोकळा म्हणजे खांब वगळून. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिलं.

आता तोच कागद उलटा घ्या. दोन्ही कडांच्या भिंतींपासून आत या. आधी १.८ मीटर चालायला. त्याला लागून एक मीटरचा पट्टा खांब, झाडं, पिलर, बाकं, फलक यांच्यासाठी. दोन्ही बाजू मिळून ५.६ मीटर. राहिले १२.४. त्यात ४० सेंटिमीटरचा दुभाजक आणि तीन-तीन मीटरच्या चार लेन बसतात. एकही लेन गेली नाही. शहरी बसची रुंदी नियमाने जास्तीत जास्त २.६ मीटर, ती तीन मीटरमध्ये व्यवस्थित जाते. हां, ८०च्या वेगाने नाही जाणार. पण शहरातल्या रस्त्यावर ८०च्या वेगाने जाणाऱ्याची सोय करायची हे ठरवलं कोणी? साडेतीन मीटरची लेन आपण महामार्गाच्या सवयीने शहरात आणली. ती कोणत्या वेगासाठी, हे नकाशावर कुणी लिहीत नाही.

‘जागाच नाही’ हे वाक्य मला म्हणून पटत नाही. जागा असते, ती रेघेच्या क्रमाने खाल्ली जाते.

दुसरी गंमत रुंदीच्या चढउताराची. आपल्या गावांत आराखड्यातला रस्ता पूर्ण ताब्यात कधीच नसतो. एका प्लॉटने जागा सोडलेली असते, पुढचा कोर्टात असतो, त्यापुढे देऊळ असतं. रस्ता कुठे १५ मीटर, कुठे २१. आणि आपण काय करतो, तर २१ मीटर मिळाले तिथे डांबर भिंतीला भिडवतो. शंभर मीटर सहा रांगा धावतात आणि पुढे १५ मीटरच्या गळ्यापाशी सगळे एकमेकांच्या अंगावर. रस्त्याची क्षमता सगळ्यात अरुंद ठिकाणाइतकीच असते हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. त्या जास्तीच्या डांबरावर मग मोटारी उभ्या राहतात, टेम्पोवाले माल उतरवतात. वाहनांचा पट्टा पूर्ण लांबीवर एकाच रुंदीचा ठेवा आणि कमी-जास्त होणारी जागा कडेला सोडा. तिथे झाड येईल, बाक येईल, रिक्षाथांबा येईल, भाजीची गाडी येईल.

हे परदेशी पुस्तकातलं नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची कीर्ती जुन्या माणसांना वेगळ्याच कारणाने माहीत आहे: १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने बांधला, दहा वर्षांची हमी दिली, आणि वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही. पुढे पुणे महापालिकेने २०१६ साली शहरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं आणि पादचारी धोरण आणलं आणि त्यानंतर याच रस्त्याची कड बदलली. ऐसपैस फुटपाथ, बसायला जागा, मुलांना खेळायला काही, आणि वाहनांचा पट्टा एकसारखा. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बसलेले दिसतात. रस्त्यावर माणूस बसू शकतो, नुसता पळत नाही, हे आपल्याकडे दिसायला एवढा काळ लागला. पण असा एखादा रस्ता दाखवायचा होतो आणि त्याच शहरातले बाकीचे जुन्या सवयीनेच आखले जातात. ११ डिसेंबर हा पुण्यात पादचारी दिन. २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. चांगलं आहे. पण वर्षातून एक दिवस माहेरपण आणि उरलेले दिवस सासुरवास, यात पादचाऱ्याने समाधान मानावं असं मला वाटत नाही.

आता मुद्द्यावर येते, कारण चांगली मार्गदर्शिका असून रस्ता वाईट का होतो याचं उत्तर धोरणात सापडत नाही. ते मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेलं काम मोजून बिलासाठी नोंदवतात त्या एम.बी.त, सापडतं.

एम.बी. उघडून पाहा. पेव्हर ब्लॉक: चौरस मीटरवर. कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेचा दगड: धावत्या मीटरवर. चेंबरची झाकणं: नगावर. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या स्पर्शफरश्या: चौरस मीटरवर. प्रत्येक बाबीला दर आहे आणि प्रत्येक बाब मोजता येते. फक्त एका गोष्टीची नोंद कुठेच नाही: या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस खाली न उतरता जाऊ शकतो का? सलगतेला आपल्या दरसूचीत बाब नाही. त्यामुळे मध्ये पिलर आला म्हणून फुटपाथ तुटला तरी ठेकेदाराचा एक पैसा कापला जात नाही; उलट पिलर सोडून भोवती ब्लॉक बसवल्याचं बिल निघतं. ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं. यात कुणी बेइमान असायची गरज नाही.

दरवर्षी मी मुलांना टेप, डंपी (पातळी मोजायचं यंत्र) आणि एक उसनी आणलेली व्हीलचेअर देऊन बाजारपेठेतल्या रस्त्यावर पाठवते. शहराचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकेल. तिथे कर्बची उंची सुरुवातीला १२ सेंटिमीटर होती, मारुतीच्या देवळापाशी ३१. आयआरसी म्हणते १५च्या वर नको. ३१ सेंटिमीटर म्हणजे जिन्याच्या जवळजवळ दोन पायऱ्या एकदम. गुडघे दुखणाऱ्या बाईने चढायच्या, हातात पिशव्या घेऊन. पुढे बँकेच्या दारात उतार केला होता, एकास चारचा, म्हणजे चार मीटर जाताना एक मीटर चढ. पाहिजे एकास बारा. व्हीलचेअरवर बसलेला पोरगा तो उतार चढायला लागला तेव्हा शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या लावत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "बाळा, फुटपाथवर नको रे चढू, पडशील. आपला रस्त्यानं जा." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. रोज पाहून आलेलं शहाणपण होतं. फुटपाथपेक्षा ट्रकच्या बाजूने जाणं सुरक्षित, असा सल्ला ज्या रस्त्यावर प्रेमाने दिला जातो, त्या रस्त्याचं बिल मात्र पूर्ण अदा झालेलं होतं.

कर्ब एवढा उंच का? दोन उत्तरं मिळतात. एक, दुचाक्या चढू नयेत म्हणून. त्या चढतातच, बँकेच्या उतारावरून. चढत नाही ती म्हातारी. दुसरं उत्तर उलटं आहे: डांबराचा जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा टाकला जातो, रस्ता वर येतो, कर्ब बुडतो, पाणी दुकानांत शिरतं, मग पुढच्या वेळी कर्ब दीड पट उंच बसवतात. सिमेंटीकरणात तर पातळी एका दमात चढते. मिलिंगची, म्हणजे जुना थर खरवडण्याची, बाब अंदाजपत्रकात धरा आणि ती प्रत्यक्ष करून घ्या. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

सोसायट्यांच्या फाटकांचं सांगायलाच हवं, कारण पायी चालणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते हे. दर वीस-पंचवीस मीटरवर फाटक येतं आणि प्रत्येक फाटकाशी पूर्ण फुटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. बाळाची गाडी ढकलणारी आई दोनशे मीटरमध्ये आठ-दहा वेळा खाली-वर करते, मग नाद सोडून डांबरावर येते. आणि हे सगळं कशासाठी, तर दिवसातून दोनदा बाहेर पडणाऱ्या मोटारीला हिसका बसू नये म्हणून. उलटं करा. चालायचा १.८ मीटरचा पट्टा फाटकासमोरूनही त्याच उंचीवर सरळ जाऊ द्या. मोटारीसाठीचा उतार त्या बाहेरच्या एक मीटरच्या पट्ट्यात बसवा, जिथे खांब आणि झाडं आहेत. मोटार थोडी चढेल, थोडी उतरेल; तिला इंजिन आहे. गल्लीच्या तोंडाशीही हेच करता येतं: फुटपाथच्या पातळीवर उंचावलेलं क्रॉसिंग, म्हणजे वळणारं वाहन माणसाच्या हद्दीत शिरतंय हे त्याच्या चाकांनाच कळतं.

पिवळ्या फरश्यांबद्दल एवढंच: सेइची मियाके नावाच्या जपानी माणसाने त्या शोधल्या, १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. रेषा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा. ही लिपी आहे. आपल्याकडे ती सजावटीची पट्टी समजून बसवतात. ठिपक्यांच्या फरशीने सुरू, ठिपक्यांनीच शेवट, आणि मध्ये सरळ फीडर पिलरवर नेऊन सोडलेली. दृष्टिहीन माणसाला खोटं सांगण्यापेक्षा काही न सांगितलेलं बरं. बसवायची असेल तर बसवताना गवंड्याला दोन मिनिटं समजावून सांगा, तो तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर शिकतो.

आता कोपरा. चौकाच्या कोपऱ्याला आपण मोठी त्रिज्या देतो, ट्रक वळावा म्हणून. कोपरा १२ मीटरने गोल केला की रिक्षा, मोटार, बुलेट कुणीच ब्रेकवर पाय न ठेवता वळतं, आणि पायी जाणाऱ्याला ओलांडायचं अंतर वाढतं. जिथे रोज बस वळते तिथे मोठी त्रिज्या लागते, मान्य. पण दोन निवासी गल्ल्यांच्या चौकात चार-पाच मीटरने भागतं; वर्षातून एकदा येणारा मोठा ट्रक सावकाश, पलीकडच्या लेनमध्ये नाक घालून वळेल. सिग्नलचंही तसंच. सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा वेग धरला तर १४ मीटरचा डांबरी पट्टा बारा सेकंदांत ओलांडून होतो. काठी टेकत जाणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला तर त्याला साडेसतरा लागतात. सिग्नल बारावर बसवला की उरलेले साडेपाच सेकंद तो हॉर्नच्या गराड्यात मध्यभागी असतो.

ओलांडण्याचा प्रश्न सोडवायला आपण माणसाला वर चढवून पाहिलं. मुंबईत २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, मग कितीतरी झाले. स्टेशनातून थेट बाहेर पडणाऱ्याला काही ठिकाणी त्यांचा उपयोग आहे, नाकारत नाही. पण भाजी घ्यायला, मुलाला शाळेत सोडायला, समोरच्या औषधाच्या दुकानात जायला कुणी दोन मजले चढत नाही, आणि चढू शकत नाही त्यांचं काय हा प्रश्न राहतोच. पुण्यात २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (राखीव मार्गावरची जलद बससेवा) सुरू झाली तेव्हाही माझ्या मते दुखणं हेच होतं: बसला स्वतंत्र मार्ग मिळाला, पण बसपर्यंत पोचायचं कसं हे नंतर आठवलं. बसमधला प्रत्येक प्रवासी आधी आणि नंतर पादचारी असतो. थांब्यासमोर ओलांडायची सोय नसेल तर बसच्या कामाचं निम्मं मोल गेलं.

वेगाचं गणित तुम्ही माझ्यापेक्षा जलद कराल, तरी मांडते. ताशी ३० वरून ५० वर गेलं की वाहनाची गतिज ऊर्जा पावणेतीन पटीपेक्षा जास्त होते. चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला आणि कोरडा रस्ता, चांगले ब्रेक मानले, तर ३० च्या वेगात मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते आणि ५० च्या वेगात २८ मीटरमध्ये. मधल्या १५ मीटरमध्ये शाळेचं दप्तर घेतलेलं पोर असेल तर पुढचं लिहायला नको. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, माणसं आणि वाहनं जिथे एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा असावी असं म्हटलं आहे. पाटी लावून ती पाळली जात नाही हे तुम्हालाही माहीत आहे. अरुंद लेन, आवळलेला कोपरा आणि उंच क्रॉसिंग यांनी पाळली जाते. म्हणजे पुन्हा तुमच्याच कागदावर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. रोजचे नव्वद. विमान पडलं की चौकशी समिती बसते. इथे रोज नव्वद माणसं जातात आणि पंचनाम्यात ‘पादचाऱ्याचा निष्काळजीपणा’ लिहून कागद मिटतो. तो डांबरावर का उतरला, फुटपाथ कुठे तुटला होता, हे कुणी टेप लावून पाहत नाही.

तुमच्या बाजूच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. व्यापारी येतात, पार्किंग गेलं म्हणून. नगरसेवकाचा फोन येतो. वाहतूक पोलीस म्हणतात रस्ता रुंद ठेवा. फुटपाथ केला तर त्यावर फेरीवाले बसतील, मग कशाला करायचा, हा युक्तिवाद तर मी चहाच्या टपरीवर, म्हणजे फुटपाथवरच उभी राहून ऐकला आहे. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. नगर विक्रेता समिती, विक्री क्षेत्रं, सगळं त्यात आहे. ती जागा नकाशातच दाखवली, झाडांच्या त्या पट्ट्याला लागून थोडी रुंदी दिली, तर चालायचा पट्टा मोकळा राहतो आणि मावशींची कोथिंबीरही. न दाखवलेला फेरीवाला नाहीसा होत नाही. तो चालायच्या पट्ट्यावर बसतो. दुचाक्या अडवायच्या खांबांचं मात्र सोपं उत्तर माझ्याकडेही नाही: व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटर जाते. तिथे पोलीस आणि दंडच लागतो.

दबाव आला की दाखवायला तुमच्या हातात दोन कागद आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरला. फोन करणाऱ्या साहेबांना एवढंच म्हणायचं, "लेखी द्या." फोन बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

मागणी मोठी नाही. या ऑक्टोबरच्या कामांतला प्रत्येकी एक रस्ता घ्या. त्याचा छेद कडेपासून काढा. निविदेत एक अट घाला: अंतिम बिलाआधी कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती असे तिघे त्या फुटपाथवरून या टोकापासून त्या टोकाला जातील, आणि जिथे चाक अडेल किंवा खाली उतरावं लागेल ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही. मोजमाप पुस्तकात त्याचं एक पान असावं, तिघांच्या सह्यांसकट. ठेकेदार पहिल्या वेळी कुरकुरतील. दुसऱ्या निविदेला महावितरणच्या कार्यालयात पिलर हलवायला तेच जाऊन बसतील.

मोजणीला माणसं कमी पडत असतील तर जवळच्या तंत्रनिकेतनाला एक पत्र टाका. मुलांना सबमिशनसाठी खरं काम हवंच असतं. टेप आणि व्हीलचेअर आम्ही आणू, चहा तुमच्याकडे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
स्थापत्य शाखेची एक अध्यापिका